बर्नआउटचा फॉर्म खरा भरायचा का?

पत्र

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. वय 43, नोकरीला 20 वर्षं होत आली. राहायला बदलापूरला. वॉर्डात खाटा 40, पण पावसाळा लागला की पेशंट 52 च्या खाली येत नाहीत. उरलेले खाली गादीवर. नाइटला दोघीच, त्यातली एक बऱ्याचदा नवीन. गेल्या महिन्यात मेट्रन मॅडमनी ऑडिटच्या फाईलसाठी बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस किती पिचलाय ते मोजणारा, फॉर्म वाटायला सांगितला. इंग्रजीतले 22 प्रश्न, वर एम्प्लॉयी कोड. माझ्या 13 मुलींनी आणि एका ब्रदरने जवळजवळ सगळीकडे शून्य लिहून दिलं. मी घरी दुसरी प्रत खरी भरली, तर 132 पैकी 81 आले. उत्तरं सोबत पाठवते. मला आजार झालाय का? मुलींना खरं लिहा म्हणून सांगू का? आणि अजून एक. परवा पहाटे 9 नंबरच्या आजी गेल्या. माझ्या मनात पहिलं आलं ते, चला, एक खाट मोकळी झाली. नंतर सगळं नीट केलं, त्यांचे केसही विंचरले, पण ते मनातून जात नाही. गणपतीला कणकवलीला गेले तेव्हा बरी होते. परत येताना पनवेल आलं आणि छाती भरून आली. मला ओपीडीत बदली मिळतेय. घेतली तर मुलींना सोडून पळाल्यासारखं होईल. काय करू?

उत्तर

सिस्टर,

आधी तो 81 चा आकडा खोडून टाका. तुम्ही 22 उत्तरांची सरळ बेरीज केलीत, आणि या फॉर्मची तशी बेरीज होत नाही. टीपीआर चार्टवरचा ताप, नाडी आणि श्वास एकत्र मिळवून कोणी आकडा काढत नाही, तसंच हे. विद्यार्थिनींचे प्रबंध तपासताना ही बेरीज माझ्यासमोर कितीदा तरी आली आहे, तेव्हा तुमची झाली यात नवल नाही.

तुमची उत्तरं आणि प्रश्नसंख्या पाहता हा मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी नावाचा फॉर्म आहे. ख्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तो 1981 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. 9 प्रश्न भावनिक थकव्याचे, 5 रुग्णांपासून मन तुटण्याचे आणि 8 प्रश्न आपल्या कामाने कोणाचं तरी भलं होतंय या समाधानाचे. प्रत्येक उत्तर 0 ते 6, म्हणजे ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत. पहिल्या दोन गटांत आकडा मोठा तितकं वाईट, शेवटच्या आठांत मात्र मोठा तितकं चांगलं. रोज हौसेनं ड्युटीवर येणाऱ्या सिस्टरला त्या आठ प्रश्नांतच 48 मिळतील. तुमच्या 81 मध्येही 32 गुण समाधानाचे आहेत, आणि तेच तुम्ही दुखण्यात धरलेत.

आता तुमची उत्तरं वेगळी मांडते. थकवा 54 पैकी 38, मन तुटणं 30 पैकी 11, समाधान 48 पैकी 32. नेटवर तुम्हाला ‘थकवा 27 च्या वर म्हणजे हाय’ असं कुठेतरी सापडेल. तो उंबरठा जुना आहे. पाहणीत आलेल्या लोकांचे गुणांप्रमाणे तीन भाग पाडून, वरच्या भागाला ‘हाय’ म्हणण्याची ती पद्धत होती. त्यामागे कोणाला तपासून केलेलं निदान नव्हतं, म्हणून फॉर्म बनवणाऱ्यांनीच पुढे चौथ्या आवृत्तीत हे उंबरठे काढून टाकले. मला जास्त पटणारी पद्धत अशी की प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि तिला पुन्हा फॉर्मवरच्या शब्दांत वाचायचं. 38 भागिले 9 म्हणजे सव्वाचारच्या आसपास. फॉर्मवर 4 म्हणजे आठवड्यातून एकदा आणि 5 म्हणजे आठवड्यातून काही वेळा. म्हणजे दर आठवड्याला किमान एकदा तुम्ही पार रिकाम्या होऊन घरी जाता. 11 भागिले 5 म्हणजे दोनाच्या जरा वर: पेशंटबद्दल मन कोरडं पडल्याचं तुम्हाला साधारण महिन्यातून एकदा जाणवतं. आणि 32 भागिले 8 बरोबर 4: आज आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असं आठवड्यातून एकदा वाटतं.

हे चित्र मला विझलेल्या बाईचं दिसत नाही. मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी नंतर हे तीन आकडे एकमेकांशी कसे जुळतात त्यावरून वेगवेगळे गट पाडले. तिन्ही बाजूंनी बिघडलेल्यांनाच त्यांनी बर्नआउटमध्ये धरलं. ज्यांचा फक्त थकवा जास्त आहे, त्यांचा गट वेगळा ठेवला, आणि अशांच्या बाबतीत बोट सरळ कामाच्या ओझ्याकडे जातं. तुम्ही या गटाच्या जवळ आहात. काळजीचं आहेच, कारण असंच चालू राहिलं तर बाकीचे दोन आकडेही हलतात. पण पेशंटबद्दलची माया आटली, हा जो निकाल तुम्ही स्वतःवर देऊन बसला आहात तो या उत्तरांतून निघत नाही.

आजींबद्दल. ज्या वॉर्डात 12 माणसं जमिनीवर आहेत, तिथल्या इनचार्जच्या डोक्यात खाटेचा हिशोब चोवीस तास चालू असतो. त्या पहाटेही खालच्या गादीवर कोणीतरी सलाईन लावून पडलेलं असणार आणि खाटेची वाट बघत असणार. मनात आधी तो विचार आला याचं मला आश्चर्य वाटत नाही. मन कोरडं पडण्याचे ते पाच प्रश्न फॉर्ममध्ये आले, कारण काळजी घेण्याचं काम करणाऱ्या माणसांत हे वारंवार घडतं. रोज इतकं दुःख अंगावर यायला लागलं की मन स्वतःला वाचवायला थोडं मागे सरकतं. मी लक्ष ठेवीन ते वागण्यावर. तुम्ही आजींचे केस विंचरलेत. नातेवाईक आत येण्याआधी त्या नीट दिसाव्यात, एवढी जाण त्या वेळीही तुमच्यात होती. ज्या दिवशी हाताखालच्या पेशंटवर खेकसाल, बेल ऐकूनही उठणार नाही, आणि त्याचं काही वाटणारही नाही, त्या दिवशी मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

आता आजाराचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, बर्नआउटची व्याख्या दिली, आणि हा आजार नाही, कामाच्या जागेशी जोडलेली स्थिती आहे, असं स्पष्ट लिहिलं. कामावरचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं, आणि ही संज्ञा नोकरीपुरतीच वापरायची, असंही त्यात आहे. गावी गेल्यावर तुम्ही बऱ्या होता आणि पनवेलला छाती भरून आली, हे या व्याख्येशी जुळतं. तरी पत्रावरून मी डिप्रेशन नाही असं म्हणणार नाही. त्यासाठी पीएचक्यू-9 हा छोटा फॉर्म आहे, नऊच प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, मराठीतही मिळतो. 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. स्वतःच्या रुग्णालयात जायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा. नवव्या प्रश्नात जीव नकोसा होण्याबद्दल विचारलं आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर रात्रंदिवस चालू असते. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर करून घ्या. सगळ्या वॉर्डाचं रक्त काढणाऱ्या सिस्टरांनी स्वतःचं वर्षानुवर्षं तपासलेलं नसतं, आणि या वयात निम्मा थकवा तिथेही सापडू शकतो.

मुलींना खरं लिहायला सांगू नका. निदान या फॉर्मवर तरी नाही. वर एम्प्लॉयी कोड, फॉर्म गोळा करणारी त्यांची इनचार्ज, पुढे तो जाणार मेट्रनच्या टेबलावर. ‘मला पेशंटचं काही वाटत नाही’ या वाक्यापुढे कोणती मुलगी आपल्या कोडखाली 5 लिहील? प्रोबेशनवरच्या किंवा कंत्राटी मुलीचा तर प्रश्नच नाही. त्यांनी लिहिलेली शून्यं म्हणजे वॉर्डात खरं बोलायची भीती वाटते एवढीच माहिती आहे. ती माहितीही महत्त्वाची आहे, आणि मॅडमपर्यंत ती जायला हवी.

मॅडमकडे जाल तेव्हा तक्रार म्हणून जाऊ नका. त्यांच्यावरही वरून दट्ट्या असतो. साधं सांगा: “मॅडम, चौदाच्या चौदा फॉर्म कोरे आल्यासारखे आहेत. ऑडिटला हे दाखवलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. कोड काढून पुन्हा घेऊ या, पण एकट्या माझ्या वॉर्डात नको, मेडिसिनचे सगळे वॉर्ड मिळून घेऊ.” एकत्र घेण्याचा आग्रह धरा. 14 जणांत नाव काढून टाकलं तरी माणूस झाकत नाही. वय, नोकरीची वर्षं, लग्न झालंय का, एवढं विचारलं की कोणीही ओळखेल. तुमचा एकुलता एक ब्रदर तर ‘पुरुष’वर खूण करताच सापडला. हे रकाने नकोतच. फॉर्म घरी न्यायला द्या, आठवडाभर वेळ द्या, नाइट संपता संपता कोणाच्या हातात देऊ नका. भरलेले फॉर्म टाकायला एक पेटी कुलूप लावून चेंजिंग रूममध्ये ठेवा आणि ती वॉर्डातल्या कोणी उघडू नये. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य, विभागातल्या किंवा नर्सिंग कॉलेजच्या एखाद्या मॅडमना विनंती करा. पुढे यातून प्रबंध किंवा पेपर करायचा असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या.

आणि फॉर्मही बदला. मॅस्लॅकच्या फॉर्मवर कॉपीराइट आहे, वापरायला परवाना विकत घ्यावा लागतो. नेटवरून उतरवून झेरॉक्स वाटणं नियमात बसत नाही. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी हा फॉर्म डेन्मार्कच्या टाये क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला, तो फुकट वापरता येतो, आणि मुंबईतल्या सिस्टरांसाठी मला तो जास्त योग्य वाटतो. त्यात 19 प्रश्न आहेत. 6 एकूण थकव्याचे, कारण काहीही असो. 7 कामामुळे येणाऱ्या थकव्याचे. 6 पेशंटबरोबरच्या कामामुळे येणाऱ्या थकव्याचे. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून, दादरला धक्के खात उतरून, सातच्या ओव्हरला, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घ्यायला, उभी राहणारी बाई वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच दमलेली असते. हा फॉर्म तो थकवा वेगळा दाखवतो. पहिला आकडा मोठा आणि पेशंटचा लहान आला तर मुलींना ‘सहानुभूतीने वागा’ असं लेक्चर देण्यात काही अर्थ नाही, हे कागदावर सिद्ध होतं.

मोजणी सोपी आहे. उत्तराप्रमाणे 0, 25, 50, 75 किंवा 100 गुण, मग प्रत्येक गटाची सरासरी. 50 किंवा त्यावर आलं की लक्ष द्यायचं, असं बरेच अभ्यासक धरतात. कामाच्या गटात एक प्रश्न उलटा आहे, सुट्टीच्या वेळी घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी ताकद उरते का असा. त्याचे गुण उलटे द्यायचे, नाहीतर इथे हमखास घोटाळा होतो. इंग्रजी प्रश्न तसेच देऊ नका. एका सिस्टरने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते पुन्हा इंग्रजीत आणावं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावं. केरळच्या मुलींसाठी मल्याळमचंही असंच करून घ्या. त्या मराठी बोलतात म्हणून मनातलं मराठीत लिहितील असं नाही.

पण मला तुमच्याकडून फॉर्मपेक्षा जास्त हवी आहे ती तुमच्याच टेबलावरची माहिती. ड्युटी रजिस्टर आणि सेन्सस, म्हणजे रोजच्या पेशंटसंख्येची नोंद, काढा. गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक पाळीला किती पेशंट आणि किती सिस्टर, डबल ड्युटी किती वेळा, ठरलेला ऑफ किती जणींचा रद्द झाला, आजारपणाची रजा किती, राजीनामे किती. राजीनामे मुद्दाम मोजा. सगळ्यात जास्त पोळलेल्या मुली गल्फला, इंग्लंडला किंवा घरी निघून गेलेल्या असतात. तुमची पेटी उघडेपर्यंत त्या वॉर्डात नसतात, त्यामुळे मागे राहिलेल्यांचे आकडे नेहमीच जरा बरे दिसतात. एका कागदावर एका बाजूला हे रजिस्टरचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला फॉर्मच्या सरासऱ्या लिहा. मग थकवा कोणाच्या स्वभावातला नाही, रोस्टरमधला आहे, हे मॅडमनाही दिसेल आणि त्यांच्या वरच्यांनाही.

याला आधार आहे. लिंडा एकेन या अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास मांडला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी. ती तुलना नर्समागे 4 ते 8 रुग्णांची होती. तुमच्याकडे नाइटला 26 आहेत. तो हिशोब ताणून 26 पर्यंत नेऊ नका, तसा तो जात नाही, पण दिशा कोणती हे कोणालाही कळेल. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डासाठी शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 आणि इतर रुग्णालयांत 5 मागे 1 असं आहे, शिवाय रजांसाठी 30 टक्के जादा जागा. हे प्रमाण कसंही वाचलं तरी 52 मागे दोघी त्यात बसत नाहीत. कागदावर ही ओळ सगळ्यात वर घ्या.

हे सगळं दिल्यावर बहुधा तुमच्यासाठी एक तासाचं ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं जाईल, आणि तेही कोणाच्या तरी ऑफच्या दिवशी. प्राणायाम चांगलाच आहे. पण त्याने रात्रीची तिसरी सिस्टर येत नाही. शिबिराला नाही म्हणू नका, ते ड्युटीच्या वेळात घ्या एवढं लावून धरा, आणि बरोबर एक तरी ठोस मागणी लेखी द्या. माझ्या मते तुमच्यासाठी ती अशी असावी: पावसाळ्याचे चार महिने नाइटला तिसरी सिस्टर, आणि नवीन मुलगी नाइटला असेल तर तिच्याबरोबर एक जुनी हवीच. ती मिळाली तर तीन महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा घ्या. एकदाच मोजलेल्या आकड्याने फाईल भरते, दोनदा मोजल्यावर काही बदललं का ते कळतं.

आता बदली. घ्या. माझं मत स्पष्ट आहे. तुमचा थकवा ओझ्याचा आहे, आणि ओपीडीत गर्दी कितीही असली तरी रात्र नाही. पाळ्या फिरत नाहीत, झोपेची वेळ ठरते. नाइटमधून सुटलं की तुमच्यासारख्यांचा आकडा खाली यायला वाव असतो, मन तुटण्याकडे जायच्या आत. मुलींना सोडून पळाल्यासारखं वाटतंय ते मी समजू शकते, पण त्या चौदा जणांच्या पाळ्या तुम्ही तिथे राहून आजवर कमी करू शकला नाहीत, कारण जागा भरणं तुमच्या हातात नव्हतं. तुमच्या हातात आहे तो तीन महिन्यांचा कागद. तो ओपीडीत जाण्याआधी पुरा करा, एक प्रत मेट्रन मॅडमना पोच घेऊन द्या, एक तुमच्या युनियनकडे द्या, आणि एक नव्या इनचार्जला ओव्हर देताना हातात ठेवा. तिला पेटीचं आणि त्या उलट्या प्रश्नाचंही नीट समजावून सांगा. बदलीचा अर्ज पुढचं रोस्टर लागायच्या आत द्या. एकदा पावसाळ्याचं रोस्टर लागलं की तुम्हाला कोणी सोडणार नाही.